विस्कॉन्सिनमधला हरणांचा हंगाम आणि फूड प्लॉट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फूड प्लॉट म्हणजे हरणं यावीत म्हणून मुद्दाम पेरलेला चाऱ्याचा तुकडा. शेवटचे दोन प्रश्न सोडले तर ही उत्तरं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यापुरती आणि व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणापुरती आहेत. मिनेसोटा, इलिनॉय, मिशिगन यांचे नियम वेगळे आहेत. तारखा २०२५ च्या हंगामाच्या दिल्या आहेत. दर वर्षी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची, म्हणजे डीएनआरची, नवी पुस्तिका बघायचीच. मापं एकरात आणि पौंडात आहेत, कारण बियाण्याच्या पोत्यावर तीच छापलेली असतात. गावाकडचा हिशोब लावायचा तर एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम.

१. हंगाम नक्की कधी असतो? प्रत्येक जण वेगळी तारीख सांगतो.

सगळेच बरोबर असतात, कारण हंगाम एक नाही, हत्यारागणिक वेगळा आहे. धनुष्य आणि क्रॉसबो, म्हणजे घोडा दाबून बाण सोडायचं आडवं धनुष्य, सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतात आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतात (२०२५ मध्ये १३ सप्टेंबर ते ४ जानेवारी). काही जिल्ह्यांत, म्हणजे काउंटींत, ही मुदत जानेवारीअखेरपर्यंत वाढते. बंदुकीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा. तो थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरमधल्या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नंतरच्या रविवारी संपतो (२२ ते ३० नोव्हेंबर). त्याला लागूनच दहा दिवस मझललोडर, म्हणजे नळीच्या तोंडातून ठासायची बंदूक (१ ते १० डिसेंबर), आणि मग चार दिवस फक्त बिनशिंगी हरणांसाठी (११ ते १४ डिसेंबर). लहान मुलांसाठी ऑक्टोबरमध्ये एक शनिवार-रविवार वेगळा असतो (११ व १२ ऑक्टोबर). काही काउंटींत नाताळच्या सुट्टीतही बिनशिंगी हरणांसाठी हंगाम उघडतो.

फूड प्लॉटचं सगळं वेळापत्रक या नऊ दिवसांपासून उलटं मोजत यायचं असतं. मे महिन्यात उत्साहाने काहीतरी पेरून नोव्हेंबरमध्ये तिथे वाळलेल्या काड्या बघत बसणं हा नवशिक्यांचा नेहमीचा अनुभव.

२. परवान्यासाठी काय लागतं? कोर्स सक्तीचा आहे का?

१ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. अनुभवी परवानाधारक हाताच्या अंतरावर राहून सोबत असेल, तर प्रमाणपत्राशिवाय ‘मेंटॉर्ड’ शिकार करता येते. पहिल्या वर्षी अंदाज घ्यायला हा मार्ग चांगला. बंदुकीचा आणि धनुष्याचा परवाना वेगवेगळा. परवान्याचं वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपतं. ही तारीख पुढच्या प्रश्नात फार महत्त्वाची आहे.

परवान्याबरोबर एक नर मारण्याची परवानगी मिळते. शेतीपट्ट्यातल्या काउंटींत बिनशिंगी हरणांच्या एक किंवा अधिक परवानग्याही त्यातच मिळतात. त्या घेताना काउंटी आणि जमीन खासगी की सार्वजनिक हे निवडावं लागतं. चुकीची निवड केली तर तो कागद तुमच्या जागेवर निरुपयोगी ठरतो.

३. मी एच-१बी व्हिसावर आहे. बंदूक घेतली तर चालते का?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि सर्वात जास्त चुकीचे सल्लेही याच्यावरच मिळतात. संघीय कायद्यानुसार नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीने (एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ सगळे यात आले) बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. यातला एक अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. म्हणजे आधी प्रशिक्षण, मग परवाना आणि मग बंदूक. क्रम उलटा झाला तर दुकानातच अडकाल आणि मित्राची बंदूक नुसती हातात घेतली तरी अडचणीत याल.

आता ३१ मार्च आठवा. परवाना संपला आणि नवा घेतला नाही, तर १ एप्रिलला कपाटातली तीच बंदूक बेकायदा ठरू शकते. नवीन परवाना जुना संपण्याआधी घ्या आणि त्याची छापील प्रत बंदुकीच्या कागदांसोबत ठेवा. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. धनुष्य आणि क्रॉसबो बंदुकीच्या व्याख्येत येत नाहीत, त्यामुळे व्हिसावरच्या बऱ्याच जणांना तिथून सुरुवात करणं सोपं जातं. व्हिसाची स्थिती बदलत असेल तर मात्र वकिलाला विचारल्याशिवाय बंदूक घेऊ नका.

४. ‘बिनशिंगी’ म्हणजे मादीच ना?

नाही. एकही शिंग नसलेलं किंवा दोन्ही शिंगं तीन इंचांपेक्षा लहान असलेलं हरीण बिनशिंगी. त्यात माद्या, पाडसं आणि डोक्यावर नुसत्या गाठी आलेले कोवळे नर असे सगळे मोडतात. एक जरी शिंग तीन इंच किंवा जास्त असेल तर तो नर. कोवळा नर टाळायचा असेल तर एकट्याने सर्वात आधी प्लॉटवर येणाऱ्या लहानशा हरणावर घाई करू नका, बहुतेकदा तोच असतो. मादीचा माथा दोन कानांमध्ये गोलसर दिसतो, त्याचा सपाट.

५. मी धनुष्याने शिकार करतो. मला तो भडक नारिंगी सदरा कशाला?

कारण बंदुकीचा हंगाम चालू असेल तेव्हा शेजारच्या रानातल्या माणसाला तुमच्या हातात काय आहे हे दिसत नाही. बंदुकीच्या कुठल्याही हरीण-हंगामात कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्मा भाग भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी लागतो. टोपी घातली तर तीही निम्मी तशीच हवी. गुलाबी २०१६ पासून चालतो. लोक विसरतात ते ऑक्टोबरमधले मुलांचे दोन दिवस आणि डिसेंबरचा मझललोडर. तेव्हाही हा नियम धनुष्यवाल्यांना लागू असतो.

६. हरणांसाठी चारा पेरायचा आणि तिथेच दबा धरायचा, हे आमिष नाही का?

कायद्याच्या दृष्टीने नाही. जमिनीत उगवलेलं पीक आणि शेतीच्या नेहमीच्या कामात सांडलेलं धान्य आमिष मानलं जात नाही. बाहेरून आणून टाकलेला मका, सफरचंदांचा ढीग, मिठाचा किंवा खनिजाचा चाटण-दगड हे आमिष. तुमच्याच झाडाखाली आपोआप पडलेली सफरचंदं चालतात, पण ती गोळा करून मचाणासमोर ओतली की आमिष झालं.

सीडब्ल्यूडी, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, या हरणांच्या जीवघेण्या रोगामुळे विस्कॉन्सिनच्या बहुतांश काउंटींत आमिष आणि चारा टाकण्यावर बंदी आहे. रोगी हरीण सापडलेल्या काउंटीत ती ३६ महिन्यांची असते. सापडलेल्या जागेच्या दहा मैलांत येणाऱ्या शेजारच्या काउंटीत २४ महिन्यांची. नवा रोगी प्राणी सापडला की मोजणी पुन्हा सुरू होते. सार्वजनिक जमिनीवर बी टाकायला परवानगी नाही, मग ती जागा कितीही ओसाड दिसो.

७. प्लॉट किती मोठा आणि कुठे करावा?

शिकारीसाठी पाव एकर, म्हणजे १० गुंठे, पुरतो. हरणं पोसायची असतील तर एक ते तीन एकर. लहान प्लॉट लांबट आणि मधे वाकलेला ठेवा. तशा जागेत हरणाला टोकापर्यंत एका नजरेत दिसत नाही, म्हणून ते चालत पुढे येतं. चौकोनी मोकळ्या तुकड्यात ते रानाच्या कडेला उभं राहून सगळं बघतं आणि तिथूनच परत फिरतं.

जागा निवडताना मातीआधी वाटेचा विचार करा. मचाणावर जाताना आणि विशेषतः अंधारात उतरून परत येताना हरणांना न उठवता निघता येईल का? हंगामात वारा बहुधा वायव्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो, तो मचाणाकडून हरणांच्या झोपायच्या जागेकडे जाता कामा नये. दिवसाला किमान चार-पाच तास ऊन हवं. पाणथळ तुकड्यात राय (गव्हासारखं एक धान्यपीक) कशीबशी येते, क्लोव्हर (बरसीमच्या कुळातला चारा) कुजतो.

८. पहिल्याच वर्षी काय पेरू?

हिवाळी राय. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत एकरी १०० ते १२० पौंड फोकून पेरायची, म्हणजे गुंठ्याला सव्वा किलोच्या आसपास. थोडी आम्लयुक्त, हलकी, खडकाळ जमीन तिला चालते. गोठणबिंदूच्या जरा वर तापमान असलं तरी ती उगवते आणि बर्फाखालीही हिरवी राहते. तिच्यात एकरी ४०-५० पौंड ओट मिसळले तर (मग रायही तेवढीच कमी करा) ऑक्टोबरमध्ये गोड कोवळा पाला मिळतो. कडक थंडीत ओट मरतात, राय टिकते.

दुकानात ‘राय’ मागा, ‘रायग्रास’ नव्हे. नाव सारखं असलं तरी रायग्रास हे वेगळं गवत आहे. हरणांना ते फारसं आवडत नाही आणि एकदा शेतात बसलं की निघता निघत नाही. हरणाचं चित्र छापलेल्या स्वस्त मिश्रणांत तेच भरलेलं असतं. पिशवीच्या मागची चिठ्ठी वाचा. बियाण्यावरचा लेप कधीकधी वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असतो, म्हणजे तेवढे पैसे मातीचे.

९. माती परीक्षण खरंच लागतं का?

रायसाठी एखाद वर्ष नाही केलं तरी चालेल. क्लोव्हर किंवा सलगमसाठी लागतंच. प्लॉटमध्ये नागमोडी फिरत १५ ते २० जागांहून सहा इंच खोल माती घ्या, एका बादलीत मिसळा आणि त्यातली थोडी प्रयोगशाळेला पाठवा. सामू, म्हणजे मातीचा पीएच, ६.२ ते ७ च्या मध्ये हवा. रानातल्या नव्या तुकड्यांचा तो बरेचदा साडेपाचच्या आसपास निघतो. अशा जमिनीत टाकलेल्या खताचा मोठा भाग पिकाला मिळतच नाही, त्यामुळे आधी चुनखडी आणि मग खत.

एकरी एक ते तीन टन चुनखडी लागू शकते, अचूक आकडा अहवालात येतो. तिचा परिणाम दिसायला सहा महिने जातात, म्हणून पुढच्या वर्षीच्या क्लोव्हरची चुनखडी या वर्षीच्या शरदात टाकायची. गोळ्यांची चुनखडी पसरायला सोपी पण महाग पडते.

१०. सलगम कधी आणि कसा?

मोहरीच्या कुळातली पिकं (सलगम, चाऱ्याची रेप, मुळा) विस्कॉन्सिनमध्ये जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंत पेरतात. कडक थंडीआधी त्यांना ६० ते ९० दिवस मिळाले पाहिजेत. क्रम असा: पेरणीच्या चार आठवडे आधी तण कापा. नवं पान फुटलं की लेबलप्रमाणे ग्लायफोसेट हे तणनाशक फवारा. दहा-चौदा दिवसांनी वरची दोन-तीन इंच माती हलवा आणि पेरणीआधी रोलरने दाबा. मग बी फोका आणि पुन्हा दाबा. बी फार खोल गेलं की उगवण घटते. दाबलेल्या मातीत चालताना बुटाचा ठसा अर्धा इंचापेक्षा खोल उमटायला नको.

बियाणं एकरी पाच पौंड. हे वाचून सगळ्यांना कमी वाटतं आणि हात सैल सुटतो. मग रोपं दाटतात आणि पानं हाताच्या बोटाएवढी राहतात. गुंठ्याला ५५-६० ग्रॅमच बी लागतं, म्हणून ते कोरड्या वाळूत किंवा चुनखडीच्या गोळ्यांत मिसळून आडवं-उभं असं दोनदा फोका.

नत्र भरपूर लागतं: एकरी १०० ते १३० पौंड युरिया. भारतातली ४५ किलोची गोणी म्हणजे जवळपास १०० पौंड. पाऊस येण्याच्या आदल्या दिवशी टाका, नाहीतर उन्हात त्यातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. एकाच जागी सलग दोन वर्षांपेक्षा जास्त हे पीक घेऊ नका, मुळांवर गाठींचा रोग येतो. तिसऱ्या वर्षी तिथे राय आणि क्लोव्हर.

११. सलगम छान आला, पण हरणं तोंडच लावत नाहीत.

ऑक्टोबरच्या मध्याआधी विचारत असाल तर थांबा. कडक थंडी पडल्यावर या पानांतली साखर वाढते आणि मग हरणं त्यावर येतात. ज्या भागात हे पीक कधी नव्हतं तिथे पहिलं वर्ष ओळख होण्यातच जातं, तरी मोडू नका. पानं जांभळट-पिवळी असतील तर मात्र दोष नत्राच्या कमतरतेचा आहे (प्रश्न १०).

हरणं खातात की नाही हे नजरेने कळत नाही. तारेच्या जाळीचा तीन फूट व्यासाचा पिंजरा करून प्लॉटमध्ये रोवा. आतलं गुडघाभर आणि बाहेरचं चार इंच असेल, तर पीक वाढत नाही असं नाही, रोज रात्री खाल्लं जातंय.

१२. ट्रॅक्टर नाही. हाताने जमेल का?

पाव एकर जमतो. पाठीवरचा पंप, गळ्यातलं फिरतं फोकणी यंत्र आणि गवत कापायचं यंत्र एवढं पुरे. ऑगस्टअखेर पाऊस येणार असं दिसलं की उभ्या तणातच राय फोका, मग तणनाशक फवारा आणि तण कापून बियांवर पाडा. पडलेलं तण आच्छादनाचं काम करतं. राय आणि क्लोव्हर या पद्धतीने येतात. सोयाबीन, मका येत नाहीत. मोठं बी उघडं राहतं आणि टर्की पक्षी ते वेचून नेतात.

१३. क्लोव्हर म्हणजे आपला बरसीमच का? आणि तो दुसऱ्या वर्षी का मरतो?

कुळ एकच, जात वेगळी. बरसीम एका हंगामाचा, तर इथला पांढरा क्लोव्हर नीट सांभाळला तर तीन ते पाच वर्षं टिकतो. एकरी सहा ते आठ पौंड बी लागतं. रायझोबियम जिवाणूसंवर्धक लावलेलं घ्या किंवा स्वतः लावा. सर्वात स्वस्त पद्धत मार्चमधली: रात्री जमीन गोठते, दिवसा वितळते, भेगा पडतात आणि फोकलेलं बी आपोआप आत जातं. आदल्या शरदातल्या रायच्या प्लॉटवर हे उत्तम जमतं.

मरण्याची कारणं बहुधा तीनच: सामू कमी, गवताची दाटी किंवा भर दुष्काळात केलेली कापणी. जून आणि ऑगस्टअखेर, ओल असताना, सहा इंचांवर कापा. जुलैच्या कोरड्या उन्हात हात लावू नका. गवत फार झालं तर क्लेथोडिम फवारा. ते गवत मारतं, क्लोव्हरला सोडतं. आणि याला युरिया टाकू नका. क्लोव्हर आपला नत्र स्वतः तयार करतो, तुमच्या युरियावर फक्त गवत माजेल.

१४. सोयाबीन पेरला तर?

हरणांना तो इतका आवडतो की लहान तुकड्यात टिकतच नाही. अर्ध्या एकरातलं पीक जूनमध्येच, रोपं चार पानांवर असताना, फस्त होतं. तीन एकरांपेक्षा कमी जागा असेल तर विजेचं कुंपण घालून सप्टेंबरमध्ये उघडा, किंवा नाद सोडा.

१५. कॅमेऱ्यात हरणं दिसतात, पण फक्त रात्री दोनला.

प्लॉट बरा आहे, माणसं जास्त आहेत. आठवड्यातून तीनदा कॅमेरा बघायला जाणं, संध्याकाळी उतरताना प्लॉटवरची हरणं उधळणं, वारा चुकीचा असताना ‘एकदाच’ बसणं, याने दोन आठवड्यांत हरणं रात्रीची होतात. कॅमेरा महिन्यातून एकदा, भर दुपारी बघा. उतरायच्या वेळी हरणं समोर असतील तर कुणाला तरी गाडी प्लॉटच्या कडेने आणायला सांगा. गाडीने उठलेलं हरीण परत येतं, मचाणावरून उतरणारा माणूस पाहिलेलं सहसा येत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात माजाचा जोर असतो. तेव्हा नर चाऱ्यामागे नसतो, माद्यांमागे असतो. त्या काळात प्लॉटच्या मध्यावर नव्हे, वाऱ्याखालच्या कडेला बसा. नर रानातूनच वास घेत पुढे सरकतो.

१६. गोळी लागलेलं हरीण शेजाऱ्याच्या जमिनीत गेलं. आणायला जाऊ का?

परवानगीशिवाय नाही. विस्कॉन्सिनमध्ये पाटी लावलेली नसली तरी खासगी जमिनीत शिरायला मालकाची संमती लागते आणि जखमी हरणामागे जाण्याला सूट नाही. शेजाऱ्यांचे फोन नंबर हंगामाआधीच घेऊन ठेवा. मालकाने नकार दिला तर वॉर्डनला, म्हणजे डीएनआरच्या अधिकाऱ्याला, कळवता येतं, पण वॉर्डन त्याच्यावर सक्ती करू शकत नाही.

१७. हरीण मिळाल्यावर पुढे काय?

हरीण ताब्यात आल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन किंवा फोनवर नोंद करायची. परवानगीच्या कागदावरचा क्रमांक लागतो. आतडी जागेवरच काढा आणि मांस लवकरात लवकर ४ अंश सेल्सिअसच्या खाली न्या. नोव्हेंबरमध्येही दुपारी १२ अंशांचं ऊन पडतं, तेव्हा कातडीसकट टांगून ठेवलं की मांडीच्या हाडाजवळ मांस आंबतं.

सीडब्ल्यूडीची तपासणी मोफत आहे. डोकं आणि तीन-चार इंच मान तपासणीसाठी ठेवलेल्या पेटीत ठेवून यायची. हा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी रोगी हरणाचं मांस खाऊ नये असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे आणि शिजवून प्रायॉन (या रोगाला कारण असलेली बिघडलेली प्रथिनं) नष्ट होत नाहीत. अहवाल येईपर्यंत मांस नाव घालून वेगळं गोठवा. रोगग्रस्त काउंटीतून हरीण लांब न्यायचं असेल तर हाडं आणि पाठीचा कणा काढूनच.

मांस विकता येत नाही, वाटता येतं. मटणासारखं करणार असाल तर पांढरी चरबी आणि पातळ पापुद्रे सगळे काढून टाका. ही चरबी थंड होताच टाळूला मेणासारखी चिकटते. खांदा आणि मान रस्स्याला, मांडी खिम्याला. पाठीचा पट्टा कुकरमध्ये घातला तर तो बुटाचा तळवा होतो.

१८. शिंगं भारतात घरी लावायला नेऊ का?

नेऊ नका. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणांची शिकार बंद आहे. विमानतळावर ते शिंग चितळाचं की व्हाइटटेलचं हे पटवून देण्याची वेळ तुमच्यावर येईल.

१९. टेक्सासमध्ये म्हणे चितळ बाराही महिने मारता येतं. खरं आहे?

खरं आहे. १९३० च्या दशकात तिथे नेलेलं चितळ आता मोकळं फिरतं. राज्य त्याला परदेशी जनावर मानतं, म्हणून त्याला बंद हंगामही नाही आणि संख्येची मर्यादाही नाही. शिकारीचा परवाना आणि जमीनमालकाची संमती मात्र लागते. काळवीट आणि नीलगाय यांचंही तसंच. व्हाइटटेलला तिथेही ठरलेला हंगाम आहे.